फोनवर पास्कल: कंपाईल होतंय, पण चालवायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’

पाटणखोरे

नमस्कार मंडळी. पाटणला सुट्टीतला प्रोग्रॅमिंगचा वर्ग आहे. मुलं १४, कॉम्प्युटर एक, अँड्रॉइड फोन मात्र प्रत्येकाकडे. पास्कलच शिकवायचं आहे (सी का नाही, पायथॉन का नाही, हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर). प्रोग्रॅम साधे आहेत: रीडएलएन, राइटएलएन, ॲरे, रेकॉर्ड, टेक्स्ट फाइल, थोडं सीआरटी (पडद्यावर हव्या त्या जागी मजकूर छापणारं युनिट, म्हणजे तयार कोडाचं पुडकं). ग्राफिक्स नको.

अडचणी अशा:

१) प्ले स्टोअरवरचं एक पास्कल ॲप घेतलं. अँड्रॉइड ९ च्या फोनवर नीट चालतं. अँड्रॉइड १२ आणि १३ वर कंपाईल होतं, ‘रन’ दाबलं की ‘परमिशन डिनाइड’. परवानग्या सगळ्या दिलेल्या आहेत.

२) ऑनलाइन कंपायलर गावात ठीक, पण कोयनेकडच्या चार-पाच मुलांना घरी रेंजच नसते. ऑफलाइनच हवं.

३) उसाच्या बिलाचा प्रोग्रॅम: १२ टन, दर ३०००. उत्तर येतं -२९५३६. गणित बरोबर लिहिलंय.

४) मराठी नावं छापली की रकाने वाकडेतिकडे होतात, काही नावांच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं.

---

मिरज_जंक्शन

पहिल्याचं कारण आधी, म्हणजे परवानग्या उलटसुलट करत बसायला नको.

अँड्रॉइड १० पासून नियम बदलला. ॲप एपीआय २९ (म्हणजे अँड्रॉइड १०) किंवा त्यापुढच्या पातळीसाठी बांधलेलं असेल, तर त्याला स्वतःच्या डेटा फोल्डरात लिहिलेली फाइल थेट चालवता येत नाही. कंपायलर ॲपच्या पोटातून येतो म्हणून तो चालतो. त्याने तयार केलेला तुमचा प्रोग्रॅम मात्र डेटा फोल्डरात पडतो आणि तिथेच अडतो. अँड्रॉइड ९ मध्ये ही बंदी नव्हती. सेटिंगमधल्या कुठल्याही परवानगीने हे सुटणार नाही.

मग काही पास्कल ॲप नव्या फोनवर चालतात कशी? ती इंटरप्रिटर आहेत, कोड स्वतःच वाचून चालवतात, खरी एक्झिक्युटेबल फाइल बनवतच नाहीत. सुरुवातीच्या धड्यांना चालतील, पण युनिट आणि पॉइंटरपाशी प्रत्येकाचं वेगळं निघतं. हातातलं ॲप कुठल्या जातीचं ते ओळखायला एक ओळ पुरते: राइटएलएनच्या कंसात महिरपी कंस, डॉलर, आय, मग दोन टक्केचिन्हांमध्ये ‘एफपीसीव्हर्जन’. आत फ्री पास्कल (मोफत मिळणारा खराखुरा पास्कल कंपायलर) असेल तर ३.२.२ असा आकडा छापला जाईल, नसेल तर त्या ओळीवर एरर.

माझ्या मते वर्गासाठी एकच धड रस्ता आहे: टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या कमांड चालवणारं ॲप), त्यात डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यात फ्री पास्कल. टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानावरून घ्या. तिथली आवृत्ती मुद्दाम एपीआय २८ वर ठेवलेली आहे, त्यामुळे वरची बंदी तिला लागू होत नाही. आधी दुसरीकडून घेतलेलं टर्मक्स फोनवर असेल तर काढून टाका. सह्या वेगळ्या असल्याने एकावर दुसरं बसत नाही, नुसतं ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ येतं.

इथे रोमन लिपी चालत नाही म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत.

टर्मक्समध्ये:
पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल प्रूट-डिस्ट्रो
टर्मक्स-सेटअप-स्टोरेज (स्टोरेजची परवानगी मागेल, द्या)
प्रूट-डिस्ट्रो इन्स्टॉल डेबियन
प्रूट-डिस्ट्रो लॉगिन डेबियन

आता तुम्ही डेबियनच्या आत आहात. इथे:
एपीटी अपडेट
एपीटी इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स एफपी-कंपायलर एफपी-युनिट्स-बेस बिनयुटिल्स नॅनो

‘एफपीसी’ नावाचं सगळं गाठोडं घेऊ नका. त्यात जीटीके, डेटाबेस, मल्टिमीडियाची युनिटं येतात, कन्सोलला त्यातलं काही लागत नाही. बिनयुटिल्स मात्र हवंच. ६४-बिट एआरएमवर फ्री पास्कल बाहेरचा असेंब्लर आणि लिंकर वापरतो, ते दोन्ही त्यात असतात. ते नसेल तर कंपायलर ‘एएस’ किंवा ‘एलडी’ सापडत नाही म्हणून थांबतो. फोनमध्ये सगळं मिळून एक-दीड जीबी मोकळी जागा ठेवा.

मग नॅनो या एडिटरमध्ये ‘ऊस’ला शोभेल असं इंग्रजी नाव देऊन फाइल लिहा (शेवटी टिंब-पास), ‘एफपीसी’ आणि फाइलचं नाव देऊन कंपाईल करा, आणि टिंब-तिरकी रेघ-नाव असं चालवा. टिंब-रेघ विसरलात तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल. पहिल्या दिवशी १४ पैकी दहा जण विसरतील, फळ्यावर लिहूनच ठेवा.

---

कृष्णेचा_घाट

ऊसबिलाचं मी सांगतो, कारण ही चूक परीक्षेच्या वहीतही बरोबर दिसते.

फ्री पास्कलच्या नेहमीच्या मोडमध्ये ‘इंटिजर’ १६ बिटांचा असतो, टर्बो पास्कलसारखाच. हद्द -३२७६८ ते ३२७६७. तुमचे ३६००० त्यात मावत नाहीत. ३६००० वजा ६५५३६ करून बघा, बरोबर -२९५३६. कंपायलरने गणित चुकवलेलं नाही. गुणाकार ३६००० असाच आला, तो इंटिजरच्या डब्यात कोंबताना वरचे बिट गळाले.

गंमत म्हणजे व्हेरिएबलमध्ये न ठेवता ‘राइटएलएन(टन * दर)’ असं थेट छापलं तर फोनवर ३६००० येईल, कारण आतली आकडेमोड मोठ्या आकारात होते. मग पोरं म्हणतात, एकदा बरोबर येतंय आणि एकदा चूक, फोनच बिघडला.

उपाय: रक्कम ‘लाँगइंट’ (३२ बिटांचा पूर्णांक) करा. नाहीतर फाइलच्या सुरुवातीला ‘मोड ओबीजेएफपीसी’ची डायरेक्टिव्ह (कंपायलरला दिलेली सूचना) टाका, मग इंटिजर ३२ बिटांचा होतो. वर्गासाठी मला पहिला उपाय पटतो, कारण मोड बदलला की मुलांना चूक दिसतच नाही, नुसती पुढे ढकलली जाते.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वर्गात कधीही तपासण्या बंद ठेवून कंपाईल करू नका. ‘एफपीसी’नंतर वजाचिन्ह, मोठा सी आणि लागून छोटी आय-आर-ओ-टी ही अक्षरं द्या, पुढे जागा सोडून वजाचिन्ह आणि छोटी जी-एल. आता तोच प्रोग्रॅम -२९५३६ छापण्याऐवजी ‘रनटाइम एरर २०१’ देऊन थांबेल आणि कुठल्या ओळीवर तेही सांगेल. २०१ म्हणजे रेंजबाहेर. २१५ आला तर आकडेमोडच ओव्हरफ्लो झाली.

आणखी एक एरर हमखास येईल: १०६. वाचायचा होता अंक, आलं भलतंच. मराठी कीबोर्ड चालू असताना मुलगा १२ टाइप करतो आणि आत देवनागरी १२ जातात. डोळ्याला अंक दिसतात, रीडएलएनला ती अक्षरं वाटतात. इनपुट देताना कीबोर्ड इंग्रजी ठेवा.

---

पाटणखोरे

दोघांचे आभार. तीन फोनवर बसवलं, कंपाईल होतंय. लाँगइंट केल्यावर ३६००० आले.

पण आता डेबियनमध्येसुद्धा ‘परमिशन डिनाइड’! फाइल व्हॉट्सॲपवरून आली होती, डाउनलोड फोल्डरात ठेवून तिथेच कंपाईल केली. सीएचमॉडने एक्झिक्युटची परवानगी दिली, तक्रार आली नाही, तरी चालत नाही.

---

मिरज_जंक्शन

हे दुखणं वेगळं आहे, नुसतं नाव तेच.

फोनचं सामायिक स्टोरेज, म्हणजे एसडीकार्ड नावाने दिसणारं सगळं (डाउनलोड, डॉक्युमेंट्स धरून), ‘नोएक्झेक’ लावून जोडलेलं असतं. तिथे फाइल लिहिता येते, वाचता येते, चालवता येत नाही. सीएचमॉड मुकाट्याने मान डोलावतो आणि काहीच करत नाही, तुम्ही पाहिलंच.

तेव्हा स्रोत फाइल तिथून सीपी कमांडने डेबियनच्या घरात (~ चिन्ह) आणा आणि पुढचं सगळं तिथेच करा. फाइल बाहेरच ठेवायची हौस असेल तर कंपाईल करताना वजाचिन्ह, मोठी एफ आणि ई, लगेच घराचा पत्ता असं द्या, म्हणजे तयार प्रोग्रॅम घरात पडतो.

व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलचं नाव तपासा. बऱ्याचदा शेवटी पास-टिंब-टीएक्सटी असं दुहेरी शेपूट चिकटलेलं असतं. आणि कोड मेसेजच्या मजकुरात न पाठवता फाइल म्हणूनच पाठवा. वर्डमधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या कोडात सरळ अवतरणाच्या जागी वाकडं अवतरणचिन्ह येतं आणि कंपायलर ‘इल्लीगल कॅरॅक्टर’ म्हणून पहिल्या राइटएलएनपाशीच अडतो. पोराला दोन्ही चिन्हं सारखीच दिसतात. तीच गत साध्या नोटपॅड ॲपात टाइप करताना: दोनदा स्पेस दिली की कीबोर्ड पूर्णविराम घालतो, आणि इंडेंटच्या जागी टिंबं. टर्मक्समधल्या नॅनोत हा त्रास होत नाही.

एक फायद्याची गोष्ट. साधा पास्कल प्रोग्रॅम लिनक्सच्या सी लायब्ररीवर अवलंबून नसतो, तो थेट कर्नलशी बोलतो. म्हणून डेबियनमध्ये बनलेली फाइल तिथून बाहेर काढून नुसत्या टर्मक्सच्या घरात ठेवली तरी चालते. डेबियन चालवणारं प्रूट प्रोग्रॅमाचे सिस्टिम कॉल (कर्नलकडच्या मागण्या) मध्ये अडवून बघतं, तो बोजाही जातो. पण प्रोग्रॅमात ‘सीथ्रेड्स’ किंवा ‘सीडब्ल्यूस्ट्रिंग’ युनिट घेतलं की सी लायब्ररी आलीच. मग बाहेर चालवताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं. फाइल तर समोर दिसत असते! सापडत नाही तो तिचा लोडर, तो फक्त डेबियनच्या आत आहे.

---

हळदपेठ_सांगली

मराठी नावांचा प्रश्न राहिलाच की.

सर, पास्कलची नेहमीची स्ट्रिंग बाइट मोजते, अक्षरं नाही. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘सातारा’ची लेंग्थ मागा, १८ येईल: स, काना, त, काना, र, काना. ‘मिरज’ १२. ‘महाबळेश्वर’ ३०.

आता ‘स्ट्रिंग[२०]’ मध्ये ‘कोरेगाव’ ठेवून बघा. सात चिन्हं, २१ बाइट. विसाव्या बाइटवर कात्री बसते, ‘व’चे तीनपैकी दोन बाइट आत राहतात, आणि पडद्यावर ‘कोरेगा’ आणि पुढे चौकोन. तुमचं प्रश्नचिन्ह ते हेच. नावाला किमान स्ट्रिंग[९०] द्या. साध्या शॉर्टस्ट्रिंगची कमाल २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हं.

रकाने वाकडे होण्याचं मूळही तेच. ‘राइटएलएन(नाव:२०)’ म्हटलं की तो बाइट मोजून रिकामी जागा भरतो. ‘मिरज’ला ८ जागा भरल्या जातात, ‘कोरेगाव’ला एकही नाही. सोपी युक्ती: आकडे डावीकडे छापा, नाव शेवटच्या रकान्यात. ऊसबिलाच्या यादीत टन, दर, रक्कम आणि मग शेतकऱ्याचं नाव. रुंदी मोजणारं फंक्शन लिहिता येतं, पण नवशिक्यांना तिथे नेऊ नये. जोडाक्षराची पडद्यावरची रुंदी फाँटवर ठरते, आणि टर्मिनलमध्ये देवनागरी तशीही फाटकीच दिसते.

एक सापळा टाळा. इंटरनेटवर कुणीतरी सांगतं, फाइलच्या वर ‘कोडपेज यूटीएफ८’ची डायरेक्टिव्ह घाला. ती घातली आणि सीडब्ल्यूस्ट्रिंग युनिट घेतलं नाही, तर सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ते युनिट घ्यायला जावं तर लिंक करताना जीसीसीच्या फाइली लागतात. काहीच न घालता फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की बाइट जसेच्या तसे बाहेर जातात आणि मराठी दिसते. मात्र सीआरटी नको. सीआरटी युनिट एकेका बाइटला एक अक्षर धरून कर्सर मोजतं, म्हणून मराठी आणि सीआरटी एका प्रोग्रॅमात बसवू नये.

सीआरटी इंग्रजीपुरतं छान चालतं, फक्त पडदा ८० बाय २५ आहे असं धरून चालू नका. उभ्या फोनवर चाळीस-पन्नास स्तंभ मिळतात आणि कीबोर्ड उघडला की ओळीही अर्ध्या. ‘एसटीटीवाय साइझ’ दिलं की ओळी आणि स्तंभ कळतात. गोटूएक्सवायला पडद्याबाहेरचा आकडा दिला तर एरर येत नाही, तो हुकूम नुसता गिळला जातो, आणि पुढचा मजकूर जिथे कर्सर असेल तिथे चिकटतो. जुन्या पुस्तकातला मेनू सगळा एका ओळीत गोळा झाला तर कारण हेच. आधी दोन बोटांनी अक्षरं बारीक करा, फोन आडवा धरा, मग प्रोग्रॅम सुरू करा. आकार सुरुवातीलाच वाचला जातो, मधे फोन फिरवून उपयोग नाही.

जुन्या कोडात चौकटीसाठी #१९६, #२०५ असली अक्षरं असतात. ती डॉसच्या कोडपेजची, इथे कचरा दिसतो. अधिक, वजा आणि उभी रेघ वापरा. बाण-कळा रीडकीला पूर्वीसारख्याच मिळतात: आधी #०, मग वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. फोनच्या कीबोर्डवर बाण नसतील तर आवाज वाढवायचं बटण धरून डब्ल्यू, ए, एस, डी. आवाज कमी करायचं बटण म्हणजे कंट्रोल, ते आणि सी दाबून अडकलेला लूप सुटतो. सीआरटीचा प्रोग्रॅम मधेच मेला आणि टाइप केलेलं दिसेनासं झालं, तर आंधळेपणाने ‘रीसेट’ लिहून एंटर द्या.

---

अजिंक्यतारा_७७

एवढा खटाटोप कशाला राव? डॉसबॉक्स (जुनं डॉस चालवणारं ॲप) टाका, त्यात टर्बो पास्कल ७. निळा पडदा, कंट्रोल-एफ९, झालं. पुस्तकातले प्रोग्रॅम शब्दशः चालतात, ग्राफ युनिटसकट.

---

कृष्णेचा_घाट

ग्राफ युनिट शिकवायचं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. फ्री पास्कलचं ग्राफ युनिट टर्मक्सच्या साध्या पडद्यावर चालत नाही, तिथे डॉसबॉक्सच बरं. पण सरांना ग्राफिक्स नको आहे. उरलं काय? मराठी अजिबात नाही, ८० स्तंभ फोनच्या पडद्यावर मुंगीएवढे, एफ९ आणि ऑल्टसाठी वेगळा कीबोर्ड, आणि फाइल आतबाहेर करायला पुन्हा फोल्डर माउंट करत बसा.

वर डॉसबॉक्सचे सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) जास्त ठेवले की सीआरटी घेतलेला प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ देऊन पडतो. टर्बो ७ चं सीआरटी सुरुवातीला डिलेसाठी प्रोसेसरचा वेग मोजतं. वेग फार निघाला की भागाकार ओव्हरफ्लो होतो, आणि एरर मात्र शून्याने भागल्याची दिसते. पोरगं स्वतःच्या कोडात भागाकार शोधत बसतं. वापरायचंच असेल तर सायकल्स ‘मॅक्स’वर ठेवू नका, काही हजारांवर बांधून टाका.

---

अजिंक्यतारा_७७

२०० चं कारण आज कळलं. वर्षानुवर्षं पॅच केलेली फाइल वापरतोय आणि पॅच कशाचा ते माहीत नव्हतं. मराठीचा मुद्दा मान्य.

---

पाटणखोरे

घरात कॉपी करून चालवलं, सगळं सुरळीत. स्ट्रिंग[९०] केल्यावर कोरेगावचा ‘व’ही परत आला.

शेवटचे दोन प्रश्न. उरलेल्या ११ फोनांवर हे सगळं पुन्हा डाउनलोड करायचं का? वर्गात वायफाय नाही, माझ्याच फोनचा हॉटस्पॉट आहे. आणि एका अँड्रॉइड १३ च्या फोनवर टर्मक्स मधेच ‘सिग्नल ९’ म्हणून बंद पडतं.

---

मिरज_जंक्शन

सिग्नल ९ आधी. अँड्रॉइड १२ पासून ॲपच्या पोटातल्या उपप्रक्रियांवर मर्यादा आली: सगळ्या ॲप्सच्या मिळून ३२, आणि मागे पडलेल्या ॲपची प्रक्रिया फार सीपीयू खात असेल तरीही ती मारली जाते. पास्कलचा छोटा प्रोग्रॅम ३२ पर्यंत जात नाही. बहुधा त्या फोनवर दोन-तीन सेशन उघडी आहेत, किंवा अनंत लूप चालू ठेवून पोरगं दुसऱ्या ॲपमध्ये गेलंय. जास्तीची सेशन ‘एक्झिट’ने बंद करा, टर्मक्सची बॅटरी बचत काढा, टर्मक्स-वेक-लॉक (फोन झोपला तरी टर्मक्स जागं ठेवणारी कमांड) द्या. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चाइल्ड प्रोसेसची बंधनं काढायचं बटण आहे, १३ वर एवढ्यावरच भागवा.

डाउनलोड एकदाच पुरे. चालू असलेल्या फोनवर डेबियनमधून एक्झिट करून टर्मक्समध्ये या आणि:
प्रूट-डिस्ट्रो बॅकअप --आउटपुट (एसडीकार्डवरच्या फाइलचा पत्ता, शेवट टार-टिंब-जीझेड) डेबियन

ती फाइल क्विक शेअरने किंवा ओटीजी पेनड्राइव्हने दुसऱ्या फोनवर न्या. तिथे टर्मक्स आणि प्रूट-डिस्ट्रो तेवढं बसवा, हॉटस्पॉटला ते जड नाही. मग ‘प्रूट-डिस्ट्रो रिस्टोअर’ आणि फाइलचा पत्ता. कंपायलर, नॅनो, तुमचे नमुना प्रोग्रॅम, सगळं जसंच्या तसं येतं. बॅकअप घेण्याआधी डेबियनमध्ये ‘एपीटी क्लीन’ द्या, उतरवलेल्या पॅकेजांच्या फाइली निघून गाठोडं हलकं होतं.

त्याआधी प्रत्येक फोनवर ‘युनेम’ आणि जागा सोडून वजा-एम एवढं बघा. ‘एआर्क६४’ आलं तर हा बॅकअप चालेल. ‘एआरएमव्ही७एल’ किंवा ‘एआरएमव्ही८एल’ आलं तर तो ३२-बिट आहे, मग फोनचा प्रोसेसर ६४-बिटचा असला तरी. त्यावर हा बॅकअप चालणार नाही. असे फोन बाजूला काढा, त्यांच्यातल्या एकावर हॉटस्पॉटने पूर्ण बसवा आणि त्या गटाचा बॅकअप वेगळा घ्या.

---

पाटणखोरे

बघितलं. १२ फोन ६४-बिट, दोन ३२-बिट. म्हणजे पूर्ण डाउनलोड आता एकाच फोनला. उद्या सकाळी पोरं यायच्या आत उरकतो.